विनंती कोणी करायची?

पैसे होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कारखान्यातल्या नऊ माणसांना तसं वाटत नव्हतं, आणि समोरच्या चहावाल्याला तर मुळीच वाटत नव्हतं. त्यानं उधारी बंद करून तसं कळवलंही होतं. पण पैसे होते. बँकेत होते, पगाराला पुरून उरतील इतके होते, आणि पगाराची तारीख उलटून दुसरा आठवडा लागला तरी तिथेच ठाण मांडून होते, निघतो निघतो म्हणत पुन्हा पाय पसरणाऱ्या पाहुण्यासारखे.

अडचण पैशांची नव्हती. अडचण मानाची होती, आणि मान हा तर या घराचा धंदाच होता. तीन पिढ्या हे लोक चषक, ढाली आणि पदकं बनवत आले होते. कोण पहिला, कोण दुसरा आणि कोणाला नुसतंच उत्तेजनार्थ, यावर घर चाललेलं. तेव्हा घरातल्या घरात हा प्रश्न निघाला की तो लवकर मिटत नसे.

सूनबाईचं टेबल दोन केबिनांच्या मधोमध होतं. डावीकडची केबिन थोरल्यांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. उजवीकडची धाकट्यांची, म्हणजे चुलतसासऱ्यांची. मध्ये पातळ प्लायवूड. इतकं पातळ, की थोरल्यांनी जांभई दिली की धाकट्यांनाही येई. तरीही खुर्चीच्या भानगडीनंतर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. (धाकट्यांनी नवी फिरती खुर्ची आणली होती. ती वरखाली व्हायची. एकदा ती वर झाली, आणि काचेतून थोरल्यांना धाकट्या भावाचं डोकं आपल्या डोक्याच्या वर दिसलं. तेवढंच.) तेव्हापासून जे काही बोलायचं ते सूनबाईमार्फत. आवाज प्लायवूडमधून पोचलेला असायचाच, पण पोचलेलं धरायचं नाही असा नियम होता. सूनबाई उठून जायची, ऐकलेलंच पुन्हा सांगायची, आणि उत्तर घेऊन परत यायची.

आजेसासऱ्यांनी हे सगळं आधीच ओळखलं असावं. जाण्यापूर्वी त्यांनी व्यवस्था लावली होती की पगाराच्या चेकवर दोन्ही मुलांची सही लागेल. म्हणजे महिन्यातून एकदा तरी दोघं एकमेकांचं तोंड बघतील. आणि खरंच, ते चाललं. थोरले डावीकडे सही करत, धाकटे उजवीकडे. आधी कोणी केली आणि नंतर कोणी, हे चेकवर दिसत नसे. चेक हा फार समजूतदार कागद होता.

या महिन्यात बँकेनं तो बंद केला आणि फोनवरचं ॲप दिलं. ॲपला एक भागीदार लागे ‘विनंती करणारा’ आणि दुसरा लागे ‘मंजुरी देणारा’. पहिल्यानं बटण दाबलं की दुसऱ्याच्या फोनवर निरोप जाई: ‘आपल्या भागीदारांनी आपल्याकडे विनंती केली आहे. मंजूर करावी का?’ खाली दोन बटणं. हिरवं मंजूर, लाल नामंजूर.

थोरल्यांनी तो मजकूर दोनदा वाचला होता आणि चष्मा काढून ठेवला होता.

“म्हणजे मी छोट्याकडे विनंती करायची? ज्याला मी सायकल शिकवली?”

सूनबाई उठून उजवीकडे गेली होती. धाकट्यांनी सगळं ऐकलं होतंच, पण तिचं सांगून होईपर्यंत ते सभ्यपणे थांबले होते.

“त्यांना सांग, ढकलून दिलं होतं, शिकवली नव्हती. आणि मी काय हात जोडून उभा राहू? ते वर मंजूर करणार! लाल बटण दाबलं तर? चहावाल्यालासुद्धा कळेल.”

त्या दिवसापासून पगार तिथेच अडकला होता. सूनबाई रोज संगणकावर पगाराची यादी उघडायची, नीट करायची आणि मिटवायची. बटण दाबायचा अधिकार तिला नव्हता. नवरा ऑर्डरी आणायला बाहेरगावी होता. त्यानं फोनवरून सल्ला दिला होता, “तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्येच बसते,” ती म्हणाली होती. “टेबलच मध्ये आहे.”

*

आज सकाळी पॅकिंगमधून आत्यांची हाक आली. आत्या म्हणजे थोरले आणि धाकटे यांच्या मधल्या. साठी उलटली तरी थोरले त्यांना बेबीच म्हणत. लग्नाचं जमलं नाही, म्हणून वडिलांनी त्यांना पदकांच्या फिती बांधायला बसवलं होतं, तात्पुरतं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती.

“सूनबाई, जरा ये. कप वाच.”

टेबलावर पोहण्याच्या क्लबचा फिरता चषक उभा होता. लहान मुलाच्या उंचीचा, दोन कानांचा, पॉलिश इतकं लखलखीत की वाचायला वाकलं की आधी आपलंच नाक दिसे. क्लबची गाडी चार वाजता येणार होती. सूनबाई वाकली. वर क्लबचं नाव होतं. खाली ‘सर्वसाधारण विजेतेपद’. आणि त्याखाली, तितक्याच सुरेख, कमावलेल्या अक्षरात:

‘या चषकावरील अक्षरे बिनपगारी आहेत.’

तिनं पुन्हा वाचलं. कोरलेल्या मजकुराचा हा एक गुण असतो. दुसऱ्यांदा वाचल्यावरही तो तोच राहतो.

“हा फिरता चषक आहे,” ती म्हणाली.

“हो ना,” आत्या फितीला गाठ मारत म्हणाल्या. “दरवर्षी नवीन माणूस वाचणार.”

अक्षरकाका दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. कारखान्यातलं प्रत्येक नाव त्यांच्या कोरणीखालून गेलेलं, म्हणून ते अक्षरकाका. आज त्यांनी कामाचा ॲप्रन घातला नव्हता. इस्त्रीचा शर्ट होता, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेली हत्यारं. एखादा माणूस स्टेशनवर बसतो तसे ते बसले होते.

“काका, हे काय केलंत?”

“वेलांटी बघितलीत?”

“काका!”

“नाही, बघा तर खरं. रागात हात हलतो माणसाचा. माझा हलला नाही.” त्यांनी चषकाकडे प्रेमानं पाहिलं. “वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण सोमवारी तुम्ही म्हणालात, उद्या होईल, माझ्यावर विश्वास ठेवा. मंगळवारी म्हणालात, उद्या नक्की. काल नुसतंच उद्या म्हणालात. नक्कीसुद्धा गळालं.”

ते खरं होतं. ‘नक्की’ तिनं मुद्दामच गाळलं होतं. आता तेवढाच एक प्रामाणिकपणा परवडत होता.

“मग हत्यारं कुठे निघाली?”

“मागच्या गल्लीत. नंबरप्लेटवाल्याकडे. तो एक तारखेला पगार देतो.” अक्षरकाकांचा चेहरा पडला. “इंग्रजी चार अक्षरं सोडली तर अक्षरंच नाहीत तिथे. नुसते आकडे. आयुष्यभर मी माणसांची नावं कोरली, आता गाड्यांचे नंबर करीन. पण गाड्या निदान भांडत नाहीत.”

आतून पॉलिशवाल्याचं यंत्र बंद झाल्याचा आवाज आला. बाकीचे आठजण कान देऊन होते. अक्षरकाका उठले तर कोणकोण उठेल याचा हिशेब सूनबाईनं मनात मांडला आणि तो सोपा निघाला. सगळे.

“चारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “गाडी येईपर्यंत. तोवर पगार झाला नाही तर तुमची हत्यारं मी स्वतः उचलून नंबरप्लेटवाल्याकडे पोचवते.”

“हत्यारं जड आहेत.”

“चालेल.”

“आणि त्याला सांगाल की मला वेलांटी येते?”

“सांगेन.”

अक्षरकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. “चारपर्यंत बसतो. पण काम करणार नाही. नुसता बसणार.”

*

दोघां भावांना बोलवायला सूनबाईला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दोघं दोन दारांनी आले, चषकाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोघांनी एकाच वेळी चष्मे घातले. मागचे आठजण यंत्रांपाशी उभे राहून अजिबात ऐकत नव्हते.

थोरले बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “मधोमध घेतलंय.”

सूनबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“त्यांना सांग,” धाकटे तिच्याकडे बघत म्हणाले, “मधोमध नाहीये. किंचित डावीकडे आहे.”

थोरले हातभर अंतरावर होते. सूनबाईनं मान वळवली. “बाबा, किंचित डावीकडे आहे असं त्यांचं म्हणणं.”

“डावीकडे?” अक्षरकाका स्टुलावरून उठले. “कोण म्हणतं डावीकडे? पट्टी आणा!”

पट्टी आली. मापं झाली. अक्षरं मधोमध होती. थोरल्यांनी विजयानं प्लायवूडकडे पाहिलं, जणू भाऊ अजून पलीकडेच होता. धाकटे म्हणाले, पट्टी जुनी आहे. दुसरी पट्टी आली. तिच्यानंही मधोमधच होती.

“बाबा, काका,” सूनबाई म्हणाली, “मजकूर वाचलात ना?”

“वाचला की,” थोरले म्हणाले. “बघा, बोलता आलं असतं यांना. माझं दार कायम उघडं असतं.”

“त्यांना सांग, दार उघडं असतं कारण त्याची कडी मोडली आहे.”

अक्षरकाकांचा तोल तेव्हा गेला. मापावरून बोलणं त्यांना सहन झालं होतं. कडीवरून बोलणं झालं नाही.

“दार? मी सांगतो दार! घरभाडं द्यायला पैसे नव्हते माझ्याकडे. मेव्हण्याकडे गेलो मी. बायकोच्या धाकट्या भावाकडे! ज्याचं नाक मी पुसलंय, त्याच्यापुढे नाक मुठीत धरून उभा राहिलो. ‘जरा मदत करता का’ म्हणालो. करता का! त्याला मी आजवर अरेतुरे करत होतो. दिले त्यानं पैसे. आणि आता रोज संध्याकाळी जेवायला येतो आणि मला सांगतो आयुष्य कसं जगायचं. बचत कशी करावी. सकाळी कोमट पाणी का प्यावं. मी ऐकतो. मान हलवतो! घास गिळतो आणि मान हलवतो. तुम्हाला सख्ख्या भावाला एक बटण दाबून विनंती करवत नाही, म्हणून मी मेव्हण्याला केली!”

दोन्ही भावांचे चेहरे बदलले. सूनबाईला पहिल्यांदाच आशा वाटली. लागलं, तिला वाटलं. आत कुठेतरी लागलं.

“कोमट पाणी?” थोरले म्हणाले. “त्याला काय कळतं?”

“करतो काय हा मेव्हणा?” धाकट्यांनी विचारलं, आणि थेट अक्षरकाकांना विचारलं.

“विमा विकतो.”

“तरीच,” दोघं भाऊ एकदम म्हणाले.

पुढची दहा मिनिटं दोघांची मतं सर्व मुद्द्यांवर जुळत गेली. मेव्हण्याला घरात घेऊ नये. एकदा का सल्ला ऐकला की माणूस सोकावतो. थोरल्यांनी असाही एक मेव्हणा आठवला ज्याला धाकट्यांनी जिन्यावरून खाली पाठवलं होतं, आणि धाकटे सूनबाईकडे बघत म्हणाले, “त्यांना सांग, ती युक्ती त्यांचीच होती.” थोरले नम्रपणे हसले. सूनबाई वाट बघत राहिली. पगाराचा विषय कुठे गेला हे कोणालाच आठवत नव्हतं, आणि तो परत आणणारं माणूस साहजिकच वाईट ठरणार होतं.

“पगार,” ती म्हणाली.

हसू मावळलं.

“मला वाटतं,” थोरले विचार करून म्हणाले, “यांचा सत्कार करू. तीस वर्षांची सेवा. एक ढाल देऊ. चांगली मोठी, मखमलीची पाठ लावून.”

“त्यांना सांग, ही कल्पना गेल्या वर्षी माझी होती.”

अक्षरकाकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“आणि त्या ढालीवर कोरणार कोण?” त्यांनी विचारलं.

दोघं भाऊ आपापल्या दारांनी परत गेले.

*

सूनबाईनं बँकेला फोन लावला. हा तिचा पाचवा की सहावा फोन. आधीच्या फोनांत तिनं ‘विनंती’ हा शब्द बदलून तिथे ‘प्रस्ताव’ टाकता येईल का असं विचारलं होतं. बँकेनं तक्रार नोंदवून घेतली होती आणि कळवलं होतं, ‘आपली विनंती विचाराधीन आहे.’

“मॅडम, तो शब्द सगळ्यांना तसाच असतो,” पलीकडची मुलगी म्हणाली. “इतकं काय आहे त्यात?”

“तुम्हाला भाऊ आहे?”

“आहे.”

“बोलता?”

पलीकडे कीबोर्ड खडखडला. “मॅडम, एक बघते हं,” मुलगी जरा बदललेल्या आवाजात म्हणाली. “तुमच्या खात्याला तीन भागीदार दिसताहेत. दोन नाहीत. कोणीही एकानं विनंती करायची, उरलेल्यांपैकी कोणीही मंजूर करायची. तिसऱ्या बाईंचं ॲपसुद्धा चालू आहे.”

सूनबाईनं फोन ठेवला. काचेपलीकडे आत्या पदकांना फिती लावत होत्या, एकसारख्या, एका मापाच्या. भागीदारीचा कागद करताना तीन नावं लागत होती म्हणून वडिलांनी बेबीचंही नाव घातलं होतं, सहीपुरतं. मग सगळे ते विसरले. हे सूनबाईनं घरात आल्यावर कधीतरी ऐकलं होतं, आणि घरात ऐकलेल्या बहुतेक गोष्टींप्रमाणे तीही विसरली होती.

ती लॅपटॉप उचलून पॅकिंगमध्ये गेली आणि आत्यांसमोर बसली.

“आत्या, बँकेचं ॲप तुमच्या फोनवर आहे?”

“आहे की.”

“तुम्हाला विनंती करता येते.”

“येते.”

“तुम्हाला माहीत होतं?”

आत्यांनी फितीचं टोक कापलं. “पहिल्या दिवशी नाही हं. चौथ्या दिवशी कळलं. त्यात सगळं लिहिलंय, वाचलं की कळतं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मला कोणी विचारलं?”

सूनबाई बघतच राहिली. समोरच्या स्टुलावर इस्त्रीचा शर्ट घालून माणूस बसला होता. आठजण यंत्रं बंद करून उभे होते. चहावाल्यानं उधारी तोडली होती. आणि हे सगळं मिटवता येईल असं एक बटण चार पावलांवर, फितींच्या रिळांमध्ये पडून होतं.

“आत्या, अक्षरकाका मेव्हण्याकडे गेले!”

“ऐकलं मी. वाईट वाटलं.” आत्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी हातातली फीत खाली ठेवली. “रोज सकाळी ठरवून यायचे, की आज कोणीतरी म्हणेल, बेबी, तू पण आहेस की. दोघांपैकी कोणीतरी. आपण होऊन सांगायला गेले असते तर म्हणाले असते, तू फिती बांध. आणि मी काही बाहेरून आलेली नाही, बाई. मीही याच घरातली. माझ्याच्यानंही आधी बोलवेना.”

सूनबाईला रागावायचं होतं. पण एकाच घरात तीन माणसं एकाच कारणासाठी तीन खोल्यांत गप्प बसली होती, आणि त्यांतल्या निदान एकीला तरी ते कळत होतं. तेवढ्यावर राग कुठे ठेवावा हे तिला समजेना.

“मी विचारते,” ती म्हणाली. “आत्या, पगाराची विनंती तुम्ही कराल का? मी विनंती करते.”

आत्या हसल्या. “बघ. किती सोपं असतं.” त्यांनी रिळांमधून फोन काढला. “यादी उघड. किती माणसं?”

“नऊ.”

“मोज नीट.”

“अक्षरकाका, पॉलिशचे दोघं, ओतकामाचे तिघं, लाकडी बैठकांचे दोघं, गाडीवाला. नऊ.”

“आणि फिती कोण बांधतं?”

सूनबाईचा हात संगणकावर थांबला.

“आणि ही यादी कोण करतं?” आत्यांनी विचारलं. “पाच वर्षं झाली तुला या टेबलावर. यादीत तुझं नाव मी तरी कधी पाहिलं नाही.”

“आत्या, मी घरचीच...”

“घरचीच. मलाही हेच सांगितलं होतं. फिती बांधणाऱ्या माणसाला बाहेर काय मिळतं?”

सूनबाईनं आकडा सांगितला.

“तेवढाच लिही. मागचं मागत नाही. तुझा तू लिही.”

“दोघं बघतील ना!”

“त्यांना बटणाखेरीज काही दिसणार नाही,” आत्या म्हणाल्या. “मी ओळखते त्यांना. एकाच्या आधी जन्मले, एकाच्या नंतर.”

सूनबाईनं आपल्या नावापुढे आकडा घातला. मग तो जरा कमी केला. आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं तो पुन्हा वाढवला, आणि आपल्याच कामाची किंमत टाइप करताना कान का तापतात हे न कळून तिनं पटकन यादी पाठवली.

आत्यांनी एका बोटानं बटण दाबलं. विनंती झाली.

*

साडेतीनला दोन्ही केबिनांमध्ये एकाच वेळी फोन वाजला.

‘आपल्या भागीदारांनी आपल्याकडे विनंती केली आहे. मंजूर करावी का?’

थोरल्यांना आधी वाटलं, छोट्या शेवटी वठणीवर आला. प्लायवूडपलीकडे धाकट्यांनाही, दादाबद्दल, तेच वाटलं. क्षणभर दोघं फार मोठ्या मनाचे झाले. मग दोघांनी खालचं नाव वाचलं.

“बेबी?” डावीकडून आलं.

“ताई?” उजवीकडून आलं.

सूनबाई आपल्या जागी, मधोमध, अगदी शांत आवाजात म्हणाली, “मंजुरी कोणीही एकानं द्यायची आहे. जो आधी देईल त्याची धरतात.”

पुढे जे झालं ते काचेतून सगळ्या कारखान्यानं पाहिलं. थोरले आत्ताच काढलेला चष्मा शोधू लागले. तो कपाळावर होता. धाकट्यांचा अंगठा फोन ओळखेना, कारण त्याला सकाळच्या मापामापीत पॉलिश लागलं होतं. ते अंगठा शर्टाला पुसत उठू लागले, तशी खुर्ची फिरली, फिरता फिरता खाली गेली, आणि तीही त्यांना घेऊनच. तेवढ्यात थोरल्यांनी चष्म्याविनाच, रंगाच्या अंदाजानं, बोट टेकवलं.

‘दुसऱ्या भागीदारांनी आधीच मंजुरी दिली आहे. धन्यवाद,’ धाकट्यांच्या फोननं सांगितलं.

“दादा!” खाली गेलेल्या खुर्चीतून धाकटे ओरडले. “हे बरोबर नाही! मी वाचत होतो!”

सूनबाई सवयीनं उठली आणि अर्ध्यात थांबली. हे पोचवायचं नव्हतं. पोचलं होतं. खुर्चीच्या भानगडीनंतर एका भावानं दुसऱ्याला थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य होतं.

पलीकडे थोरल्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग प्लायवूडला म्हणाले, “पुढच्या महिन्यात तू कर, छोट्या.”

“करीनच!”

“कर ना!”

बाहेर एक फोन किणकिणला. मग दुसरा. मग ओतकामाकडे तीन एकापाठोपाठ. पॉलिशवाल्यांपैकी एकानं आपला मेसेज दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्यानं आपला पहिल्याला, जणू ते वेगवेगळे असणार होते. यंत्र सुरू झालं. सगळ्यात शेवटी अक्षरकाकांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि तिथल्या तिथे मेव्हण्याला फोन लावला.

“अरे,” ते म्हणाले, आणि त्या अरेतुरेचा त्यांनी जरा वेळ आस्वाद घेतला. “अरे, तुझे पैसे घेऊन जा संध्याकाळी. हो. नाही, जेवायला नको. उभ्या उभ्या ये.”

मग त्यांनी ॲप्रन घातला आणि हत्यारांचं कापड सोडलं. गाडी यायला थोडाच वेळ होता. त्यांनी पितळेची एक पट्टी कापली, चषकाच्या पोटाला बसेल अशी वाकवली, तिच्यावर ‘सर्वांगीण कौशल्यासाठी’ एवढं कोरलं, आणि ती ‘बिनपगारी’ ओळीवर चार बारीक स्क्रूंनी बसवली. आधीपासूनच तिथे असावी अशी ती दिसू लागली.

“खालचं घासून नाही टाकलंत?” सूनबाईनं विचारलं.

“इतकी चांगली वेलांटी?” अक्षरकाका म्हणाले. “आणि दरवर्षी हा कप आपल्याकडेच येतो नवीन नाव कोरायला. पगार झालेला असला तर ठीक. नसला, तर चार स्क्रू काढायचे.”

क्लबची दोन माणसं चषक गाडीत ठेवू लागली. एकजण म्हणाला, पट्टी फार शोभते. अक्षरकाकांनी नम्रपणे मान खाली घातली.

तेवढ्यात सूनबाईच्या टेबलावरचा फोन किणकिणला. आणि फितींच्या रिळांमध्ये आणखी एक. ती आणि आत्या काचेच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे पाहत राहिल्या. पाच वर्षांत या फोनवर बँकेचे पुष्कळ मेसेज आले होते, सगळे दुसऱ्यांच्या पैशांचे. सूनबाईनं हा एकदा वाचला, फोन पालथा ठेवला, आणि पुन्हा उचलून वाचला.

थोरल्यांना चष्मा सापडला होता.

“बेबी!” त्यांचा आवाज दोन भिंती ओलांडून आला. “एकूण आकडा एवढा कसा गं वाढला?”

धाकट्यांची खुर्ची हळूहळू वर आली आणि काचेत त्यांचं डोकं दिसू लागलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

आत्यांनी पुढचं पदक घेतलं, फीत ओवली, दोन्ही टोकं मापात आहेत ना ते पाहिलं आणि गाठ मारली.

“दादा, असं ओरडून नाही विचारायचं,” त्या म्हणाल्या. “विनंती पाठव. बघते.”